काळाने नेलेले दगड

‘पिंगळीजवळ गोऱ्या व्यापाऱ्यांनी कातड्यांच्या साठ्यासाठी बांधलेला कोट काळाच्या ओघात नष्ट झाला,’ असे सरकारी अहवाल म्हणतो. १९४१ साली मी त्या कोटाचा पाया उकरून काढला आणि निजाम सरकारला कळवले की, काळाच्या ओघाला बैलगाड्या लागत नाहीत. येथे तर चाकोऱ्या अजून ताज्या आहेत. ही इतिहासाची लूट असून लुटारूला कैद झालीच पाहिजे.

माझ्याच आग्रहावरून बांधकामांचे ठेके घेणाऱ्या गुत्तेदार चन्नप्पाला तहसीलदारांपुढे उभे केले गेले. त्याच्या कबुलीचे एक अक्षरही निसटू नये म्हणून मी स्वतः लिहायला बसलो. ती जशीच्या तशी देतो :


“व्हय हुजूर, दगड म्याच नेले. हितं लिवत बसलेल्या ह्या पंडितजींनीच सांगितलं व्हतं, ‘चन्नप्पा, माज्या ग्रंथालयाला जुनाच घडीव दगड लाव, कुठून आनलास, ते मी इचारनार न्हाई.’”