उसनी फुंक

पोटात सतत जळजळ म्हणून ड्रायव्हर दवाखान्यात आला, तर नर्सने हातात औषधाचा ग्लास आणि रिकामी पिशवी ठेवली. "हे प्या आणि अर्ध्या तासाने पिशवीत फुंका." त्याच्या मनात पाल चुकचुकली. डेपोत फुंकायला लावतात ते दारू पकडायला. साहेबांनी डॉक्टरलाही फितवलेलं दिसतंय! नेमकी रात्रीच त्याने घेतली होती. सोबतचा कंडक्टर मात्र चहाशिवाय कशाला शिवत नसे. ड्रायव्हरने त्याला जिन्याखाली नेऊन औषध पाजलं, पिशवीही त्याच्याकडूनच फुगवून घेतली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "फुंकेच्या तपासणीत पोटात जंतू सापडलेत. अपचनाच्या निम्म्या पेशंटमध्ये असतातच." "आणि दारू?" ड्रायव्हरने चाचरत विचारलं. "ती पिशवीत कशाला शोधू? काल तुम्ही दारात आलात तेव्हाच घमघमली." बाहेर कंडक्टर वाटच बघत होता. "काय रे, सापडलं का काही?" "सापडलं," ड्रायव्हर पुटपुटला, "पण तुझं."