बिनलोखंडी खोली

सुरा दाराबाहेरच राहिला, हे मामाच्या आत आल्यावर ध्यानात आलं. घड्याळ, किल्ल्या, पट्टा आणि सवयीने सुराही त्याने लाकडी ताटलीत काढून ठेवला होता. दगडातलं अतिक्षीण चुंबकत्व मोजायच्या या खोलीत टाचणीएवढंही लोखंड चालत नसे. नियम मामानेच घातलेला. खून करायला निघालेला माणूसही तो पाळतो, याचं त्याला हसू आलं.

यंत्रात चंद्रावरचा नखाएवढा दगड होता. भाचा भिंतीला टेकून उभा होता. आईवेगळ्या या पोराला मामानेच वाढवलं, शिकवलं, इथे आणलं. कधीकाळी चंद्राच्या पोटात वितळलेलं लोखंड घुसळत होतं, त्यामुळे वरच्या कवचातले दगड चुंबक झाले, असं मामा जन्मभर सांगत आला होता.

“पोटाचा काही संबंध नाही, मामा,” भाचा म्हणाला. “बाहेरून अशनी आदळले. त्या दणक्याने झालं सगळं. उद्या सभेत सांगणार आहे.”

“दणक्याने दगड फुटतो, गाढवा.”

“तुमच्या हातचे एवढे खाल्ले, मी कुठे फुटलो?”

“उद्या उठून सगळ्यांसमोर तुझी सालटी काढतो की नाही बघ.”

“तेच तर. तुम्ही उठलात की माझं ऐकणार कोण?”

भाच्याची मोजमापं मामाने गुपचूप तपासली होती. चूक सापडली नव्हती. उद्या जन्मभराच्या कामाची माती होणार होती.

नमुने फोडायची तांब्याची हातोडी टेबलावर पडली होती. भाच्याने मान वळवली तशी मामाने ती त्याच्या कानामागे हाणली. हाड वाजलं. भाचा धडपडत यंत्राच्या पायथ्याशी कोसळला आणि पोटाशी हात धरून कण्हू लागला. रक्ताचा ओघळ मामाच्या पायापर्यंत आला.

दुसऱ्या घावासाठी मामाने हातोडी उचलली, तेवढ्यात त्याची नजर यंत्राच्या पडद्यावर गेली. भाचा तळमळला की आकडा उसळत होता. तो निपचित झाला की आकडाही थांबत होता.

“अंगावर लोखंड आहे तुझ्या?”

भाच्याने पोटाशी धरलेला हात आणखी आवळला.

मामाच्या हातून हातोडी गळाली. तो मटकन खाली बसला आणि हसता हसता त्याला रडू फुटलं.

“म्हणजे तुझी सगळी मोजमापं फुकट गेली. अरे, आधी नाही का बोलायचं? थांब, डॉक्टरला बोलावतो. हलू नकोस.” त्याने भाच्याचं डोकं मांडीवर घेतलं. “कधीपासून हे अंगावर घेऊन मोजत बसलास, वेड्या?”

“आजच आणलं, मामा,” भाचा म्हणाला, आणि पोटाशी धरलेला हात त्याने बाहेर काढला. मुठीत पातं होतं.