कबुतरखान्यातला नायक

मन्सुरा शहरातल्या शिकवणीत उस्ताद शौकतनी रद्वाचा पेपर सगळ्यांसमोर उंच धरला. "आदर्श उत्तरात नायक शूर आहे. तू त्याला भित्रा करून टाकलंस. शून्य."

"कादंबरीत तो भित्राच आहे, उस्ताद."

"कादंबरी वाचायला कुणी सांगितलं होतं? मी काढलेला सारांश पाठ करायचा."

"कुणीच नाही. एकेक वाक्य पानभर. कितीदा भिंतीवर फेकली आणि पुन्हा उचलली. पण लढाईच्या दिवशी तो गच्चीवरच्या कबुतरखान्यात लपतो, हे तुमच्या सारांशात नाही."

वर्ग सुटल्यावर उस्तादांनी तिला हळूच थांबवलं. "लपतो? मग सापडतो का गं?"

रद्वाने कादंबरी त्यांच्यापुढे ठेवली. "वाचा, उस्ताद. मीही शिव्या घालतच वाचलीय."