उंटिणीचं सोंग

“बाळंतपणानंतर फार रेंगाळू नकोस, नाटकातली तुझी उंटीण दुसरीच कुणी करेल,” असं दिग्दर्शक दाभाडेसर म्हणाले, तेव्हा मृण्मयी नुसती हसली होती.

आता सात महिन्यांच्या लेकाला मांडीवर घेऊन ती प्रेक्षकांत बसली होती. रंगमंचावरच्या वाळवंटात अंगावरचं दंव पिणारे सरडे नाचून गेले आणि हरवलेलं पिल्लू शोधत उंटीण आली. गावात नवीनच आलेली हेमांगी! चालसुद्धा मृण्मयीनेच बसवलेली उचलली होती. लेक रडू लागला. एरवी ती पटकन बाहेर गेली असती. आज तिने त्याला खुशाल रडू दिलं. हेमांगी वाक्य विसरली. मृण्मयीच्या जिवाला गार वाटलं.

प्रयोगानंतर ती मुद्दाम रंगपटात गेली. हेमांगीचा पोशाख छातीशी भिजला होता.

“कुणाचं तरी बाळ रडलं गं, आणि मला पान्हाच फुटला. माझी तीन महिन्यांची घरी आहे, सासूबाईंपाशी.”

“मग जा ना पळत! मी आवरते,” मृण्मयी कशीबशी म्हणाली.

आवरताना तिने उंटिणीचं कापसाचं वशिंड क्षणभर पाठीला लावून पाहिलंच.

तुमच्या शेजारी एखादी बाळंतीण असेल, कामावर परतलेली किंवा घरी बसलेली, तर जरा डोकावून या.