सात डबे

“सुरुंगाआधी माणसं मोजली होती का?” चौकशीला आलेल्या साहेबानं पुन्हा विचारलं.

इंद्रभान खदानीच्या काठावर उभा होता. शिरपूरच्या रस्त्यावरची ही गिट्टीची खदान. खाली काळा दगड फुटून पडला होता. त्याच दगडाखालून काल किशनला काढलं. सुरुंगाला बत्ती दिली होती इंद्रभाननं.

मोजली होती त्यानं. इथे हजेरीचं रजिस्टर नव्हतं, सुरुंगाआधी वाजवायचा भोंगा कित्येक वर्षं बंद. मग मजुरांनीच आपली रीत पाडली होती. सकाळी प्रत्येकानं आपला भाकरीचा डबा काठावरच्या निंबाला टांगायचा. बत्तीआधी वर येऊन आपापल्या डब्याखाली उभं राहायचं. एका जरी डब्याखाली माणूस नसला, की इंद्रभान थांबायचा. नऊ वर्षांत कोणाच्या नखाला धक्का लागला नव्हता. काल निंबाला सात डबे होते, खाली सात माणसं. आठव्या किशनचा डबाच नव्हता. इंद्रभानला वाटलं, आला नाही आज. किशन उशिरा येऊन मागच्या वाटेनं खाली उतरला होता, ते कोणीच पाहिलं नाही.

हे सगळं आज तो सांगणार होता. बंद भोंग्यासकट, मालकाच्या तोंडावर. नाहीतर गुन्हा त्याच्याच नावावर होता.

जवळच किशनची बायको गंगू बसली होती. शेजारच्या जिजाबाईला सांगत होती, “सकाळी भांडण झालतं ओ. रागारागात डबाच नाई देला मी. उपाशी गेला माहा माणूस.”

“असं नको म्हणू बाई,” जिजाबाई म्हणाली. “एका वखताच्या भाकरीवाचून कोणी मरते काय?”

डब्यांची रीत खदानीबाहेर कोणाला ठाऊक नव्हती.

“अरे, मोजली होती का नाही? बोल.” साहेब वैतागला.

“मोजायचं राह्यलं, साहेब,” इंद्रभान म्हणाला. “चूक माही आहे.”

मागे उभ्या सातही जणांनी माना खाली घातल्या. मालकानं घाम पुसला, रुमालाची नीट घडी केली. “घ्या लिहून, साहेब,” तो म्हणाला. “आपण किती बी काळजी घ्या, माणूसच असा निघाला तं काय करता?”

साहेबानं लिहून घेतलं. भोंग्याचं त्यानं विचारलंच नाही.

गंगू उठली. इंद्रभानच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

“आठ माणसं मोजता येत नाई तुले?”

“नाई येत, वहिनी.”