नेलपेंटचा थेंब
किनाऱ्यावरच्या रडारसाठी तिनं गॅलियम नायट्राइड या कणखर अर्धवाहकाचा नवा फिल्टर बनवला होता. प्रचंड ताकदीच्या सिग्नलनंही तो जळत नसे आणि लाटांसारखं मंद हलणारं सगळं गाळून टाकायचा. "ताई, माझी होडी तरी दिसेल ना?" धाकट्या भावानं विचारलं होतं. "तुझ्या खटाऱ्यापेक्षा लाट बरी, निदान हलते तरी!" ती म्हणाली, आणि दोघंही पोट धरून हसली. फिल्टरनं किती गाळायचं ते ठरवणारा स्क्रू ढळू नये म्हणून तिनं त्यावर स्वतःच्या लाल नेलपेंटचा थेंब लावला. समुद्रात गेलेला भाऊ परतलाच नाही. "बाई, त्या दिवशी पडदा आरशासारखा स्वच्छ होता हो," रडारवाला म्हणाला. तिनं नखानं नेलपेंट खरवडलं, स्क्रू अर्धा आटा मागे घेतला आणि त्या दिवशीचं गाळण्याआधीचं रेकॉर्डिंग त्यातून सोडलं. लाटांच्या गर्दीत एक ठिपका उमटला. चाळीस मिनिटं तो तिथंच होता.