मागच्या बाजूचं गाणं

मावशींनी तबकडी उजेडात तिरकी धरली, फुंकर मारली आणि यंत्रावर ठेवली. हेडफोन कानांवर चढवले, मांडीवरचं विणकाम हातात घेतलं. काचेबाहेर उभे दोघं आणखी पुढे सरकले.

दोघांतला उंच तो गायक, जाडा तो ड्रमर. त्यांच्या बँडच्या दोन रेकॉर्डी आधीच आपटल्या होत्या. ही तिसरी. हीसुद्धा पडली तर पुन्हा इकडे फिरकू नका, असं कंपनीच्या साहेबांनी चहा पाजून, गोड बोलून सांगितलं होतं. गायकाच्या बहिणीच्या नवऱ्याने आपल्या रंगाच्या दुकानात त्याच्यासाठी एक खुर्ची मोकळी ठेवली होती. दाजी भला माणूस. हीच तर पंचाईत होती. भल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

खरं तर रेकॉर्डच्या कारखान्यात गाणाऱ्यांचं काही काम नसतं. इथे गरम काळा लगदा दाबून तबकड्या करतात, आणि साच्यातून निघालेली पहिली तबकडी मावशी तपासतात. पण दोघांना घरी बसवत नव्हतं, म्हणून आले होते तडमडायला.

"मावशींना गाणं आवडेल का हो?" ड्रमरने शेजारी खोकी भरणाऱ्या कामगाराला विचारलं.

कामगार खो खो हसला. "मावशींना? अहो, गाजलेली सगळी गाणी जगाच्या आधी त्यांनी ऐकलीत. एकाची तरी ओळ येते का विचारा. म्हणतील, त्यात शेवटाकडे टक् असा आवाज होता. गाण्यात जीव गुंतला की खरखर निसटते, म्हणून त्या गाणं ऐकतच नाहीत."

पहिली बाजू सुरू होती. हे त्यांचं हुकमी गाणं. कंपनीने हौसेने पंधरा वादक बसवले होते. मावशींचे हात एका लयीत चालले होते आणि ती लय गाण्याची नव्हती. बाजू संपली. त्यांनी कागदावर 'ठीक' लिहिलं आणि तबकडी उलटली.

मागच्या बाजूचं गाणं म्हणजे नुसती भर. वादक घरी गेल्यावर स्टुडिओचा थोडा वेळ उरला होता. आई कामावरून यायची वाट बघत दारात बसलेल्या मुलाचं गाणं गायकाने गिटारवर म्हटलं, आणि ड्रम आवरून झाले होते म्हणून ड्रमरने मांडीवरच ताल धरला. दोघांनाही त्याची थोडी लाजच वाटत होती.

मावशींचे हात थांबले.

"मेलो," ड्रमर पुटपुटला. "सापडलं काहीतरी."

गाणं संपलं. मावशींनी सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली.

"दुसऱ्यांदा लावली म्हणजे शंका आलीय," कामगार जाणत्या आवाजात म्हणाला. थोड्या वेळाने मावशींनी सुई पुन्हा सुरुवातीला नेली, तेव्हा त्याने खोकं खाली ठेवलं. "तिसऱ्यांदा म्हणजे खात्री. वाईट वाटतं हो."

दाजींना आजच फोन करून टाकावा, असं गायकाने मनाशी ठरवलं.

दार उघडून मावशी बाहेर आल्या. हेडफोन गळ्यात तसेच.

"ही मागची बाजू कोण गायलंय?"

गायकाने शाळेतल्यासारखा हात वर केला. "मी, मावशी. फार खराब आलीय का?"

"मला काय माहीत?" मावशी त्याच्यावर खेकसल्याच. "तीनदा लावली. तिन्ही वेळा खरखर ऐकायची राहूनच गेली. आता मी कागदावर लिहू काय?"